काटक शिंगाळ गायी आणि मांसल जातीचा वळू: टेक्सासातला माझा तीन वर्षांचा हिशेब

कुरणवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात ४८० एकर खडकाळ कुरण मी भाड्याने करतो. माती वीतभर, खाली चुनखडी, वर जुनिपर आणि निवडुंग. एका गायीला वीस एकर द्यावे लागतात. २०२१ च्या वसंतात मी १८ कोरिएन्टे गायी घेतल्या, ६५० डॉलरला एक. त्याच आठवड्यात काळ्या अँगस जातीची गाभण गाय साडेबाराशेला जात होती.

कोरिएन्टे माहीत नसेल त्यांच्यासाठी: स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत आणलेल्या गुरांची ही वंशज. अंगाने लहान, आठ-नऊशे पौंडांची, हाडापेराने बारीक, शिंगं पुढे येऊन वर वळलेली. रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या कसरतींच्या खेळांत, दोर टाकून धरायचे गोऱ्हे बहुतेक याच जातीचे असतात. टेक्सास लाँगहॉर्न तिची मोठ्या शिंगांची चुलत बहीण म्हणा. दोघी दुष्काळात टिकतात, स्वतःच्या स्वतः वितात आणि बाजारात दोघींच्या शुद्ध वासरांना कुणी विचारत नाही.

म्हणून इथले बरेच जण या गायींवर अँगस किंवा शारोले या मांसल जातींचा वळू सोडतात. गाय स्वस्त, वासरू मांसल, मधला फरक आपला, असा साधा विचार. मीही तोच केला.

पहिल्या वर्षी वळू भाड्याने आणला. शारोले, पांढराशुभ्र, बिनशिंगी. २०२२ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये १७ वासरं झाली, एक गाय भाकड राहिली. सतरापैकी एकीलाही मला हात लावावा लागला नाही. सकाळी फेरी मारायची आणि झुडपाआड ओलं वासरू उभं दिसायचं, एवढंच माझं काम. मी फार खूश होतो.

मे महिन्यात वासरं अडकवून धरायच्या पिंजऱ्यात घेतली. एकाच्या कपाळावर कानाच्या वर बोट फिरवलं तर कातडीखाली टणक गुठळी लागली. दुसऱ्याला लागली नाही, तिसऱ्याला लागली. आठ वासरांना शिंगं येत होती. वळू स्वतः बिनशिंगी असला तरी त्याच्या रक्तात शिंगाचा एक वारसा होता. देणाऱ्याने तो शुद्ध बिनशिंगी म्हणून दिला होता आणि मी तपासणी मागितली नव्हती.

त्या उन्हाळ्यात पाऊस गेला. ऑक्टोबरात बाजाराला नेली तेव्हा वजन सरासरी ४०० पौंड. रिंगणात माझी १७ एकत्र आत गेली. लिलाव करणाऱ्याने एक नजर टाकली, दारावरच्या पोराला काठीने खूण केली आणि शिंगंवाली आठ बाजूला काढली. नऊ बिनशिंगी गेली पौंडाला १.७५ डॉलरने, म्हणजे ७०० डॉलरला एक. आठ शिंगाळ गेली १.५० ने, ६०० ला एक. एकाच बापाची, एकाच कुरणातली, एकाच वजनाची वासरं. पट्टी हातात आली तेव्हा त्या आठ गुठळ्यांचे ८०० डॉलर कापले गेले होते.

मग २०२२ पासून स्वतःचा काळा अँगस वळू. केसाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून बिनशिंगी आणि काळा रंग, दोन्हीत शुद्ध असल्याचा दाखला घेऊनच पैसे दिले. २०२३ च्या वासरांत एकालाही खरं शिंग नाही, दोघांना कातडीत हलणारी खुरटी टोकं. चौघांच्या पाठीवर पांढरे डाग, बाकी तेरा काळी. वजन सरासरी ४३०. तेरा काळी २.४० ने गेली, चार बांडी २.१० ने. भाव तेव्हा सगळ्यांचेच चढले होते, ते श्रेय वळूचं नाही. त्याच दिवशी त्याच वजनाची निव्वळ अँगस वासरं २.५० ने गेली, म्हणून दहा सेंटांची तूट हाच माझा खरा आकडा.

माझा प्रश्न असा. हा धंदा फायद्याचा आहे असं मला वाटतं, पण गाय स्वस्त पडली म्हणून वाटतं की खरंच तसं आहे? ज्यांनी केलंय किंवा ज्यांना आकडे कळतात त्यांनी लिहावं.

---

पाऊसवेडी

वाचतेय. विषय पूर्ण नवा आहे मला. बोट फिरवून गुठळी लागण्याचा प्रसंग वाचताना पोटात खड्डा पडला.

---

दाणावैरण

कुरणवाला भाऊ, मी अमरिलोच्या पट्ट्यात मोठ्या खाद्यतळांसाठी, म्हणजे वासरं दाण्यावर वाढवून कत्तलीला पाठवतात त्या जागांसाठी, आहाराचं काम करतो. तुमच्या वासरांचा पुढचा मुक्काम आमच्याकडेच असतो. भाव का कापला जातो ते आमच्या बाजूने सांगतो.

बाजारात वासरू घेणारा माणूस वासरू घेत नसतो, आठ-दहा महिन्यांनंतरचा सोललेला देह घेत असतो. अमेरिकी कृषी खात्याच्या प्रतवारीत अशा वासरांना दोन गोष्टींवर तोलतात: चौकट मोठी, मध्यम की लहान, आणि मांसलपणा १ ते ४. कोरिएन्टे किंवा लाँगहॉर्नचं शुद्ध वासरू लहान चौकट आणि ३ किंवा ४ मध्ये पडतं. त्याला कितीही मका घाला, शेवटी देह हलका भरतो आणि कत्तलखाना हलक्या देहाचा भाव पुन्हा कापतो. खाद्यतळावर जागेचं भाडं डोक्यावर असतं, वजनावर नाही. हळू वाढणारं जनावर तेवढ्याच जागेत कमी पौंड देतं.

आता तुमचं संकरित. अँगसच्या बापाने ते बहुतेकदा १ आणि २ च्या सीमेवर येतं. पण घेणाऱ्याला ते कळायचं कसं? रिंगणात तीसेक सेकंद मिळतात. पाठीवरचा पांढरा डाग किंवा बारीक हाड दिसलं की तो मनात म्हणतो, आई शिंगाळ आहे. मग तो वासराला सर्वांत वाईट धरूनच भाव लावतो. डाग मांसावर नसतो, पण डाग खबर देतो.

शिंगांचं वेगळं. शिंगाळ जनावर गव्हाणीवर दोघांची जागा अडवतं, ट्रकमध्ये शेजाऱ्याच्या बरगड्या सोलतं, आणि काळानिळा पडलेला मांसाचा भाग नंतर कापून टाकावा लागतो. आमच्याकडे आल्यावर कापायची म्हटली तर वजन मागे जातं. त्यामुळे पंचवीस सेंट जास्त वाटले तरी अन्याय नव्हता.

काळा रंग मात्र उपयोगी पडतो. १९७८ पासून अँगसच्या नावाने जो प्रमाणित मांसाचा कार्यक्रम चालतो, त्यात दारात पहिली चाळणी काळ्या अंगाची. मांसाची प्रत नंतर बघतात. तुमची तेरा काळी वासरं त्या दारातून आत जाऊ शकतात. चार बांडी दारातच थांबतात.

---

गोठ्यातली ताई

मी पशुवैद्य आहे, सध्या न्यू मेक्सिकोत. दोन गोष्टी.

पहिली, विताना मदत लागली नाही याचं नवल वाटायला नको. वासराचं जन्मवजन बाप एकटा ठरवत नाही, आईचं गर्भाशयही ठरवतं. केंब्रिजमध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी १९३८ मध्ये शायर हा दांडगा घोडा आणि शेटलँड हे बुटकं तट्टू यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. आई शायर असली तर शिंगरू कितीतरी मोठं जन्मलं, आई शेटलँड असली तर लहान. रक्त दोन्हीकडे अर्धं-अर्धंच होतं. लहान आई मोठ्या बापाच्या पिल्लाला आत आवर घालते. शिवाय या जातींची निवड माणसाने फारशी केलीच नाही, अडलेली गाय रानात मरायची आणि तिचा वंश तिथेच थांबायचा. पण दादा, यावर विसंबून पहिलटकरणीवर शारोले सोडू नका. काटक असली तरी तिचीही हाडं पुरती भरलेली नसतात. पहिल्या वेताला हलक्या जन्मवजनाचाच वळू हवा.

दुसरी गोष्ट शिंगं जाळण्याची. वासरू दोन महिन्यांचं व्हायच्या आत शिंगाची कळी कवटीला चिकटलेली नसते, तेव्हाच जाळलेली बरी, वेदना कमी करायचं औषध देऊन. पण मोकळ्या कुरणात ते कोण करणार? शिंगाळ आई चार हातांवर उभी असताना तिच्या वासराला हात घालायचा असतो. मी एकदा गेटाच्या सळ्यांमधून आलेलं शिंग माझ्या कोपराशेजारी पाहिलंय. आणि उशिरा कापलं तर जखम मोठी राहते, माशी बसते. मांस खाणाऱ्या स्क्रूवर्म माशीचं अमेरिकेतून १९६६ मध्ये उच्चाटन जाहीर झालं तरी टेक्सासात शेवटची प्रकरणं १९८२ पर्यंत सापडत होती. २०२४ च्या नोव्हेंबरात तीच माशी मेक्सिकोत सापडली आणि तिकडून येणारी जनावरं सीमेवर थांबवावी लागली. उघडी जखम आणि ओली नाळ, ती अशाच जागा शोधते. म्हणून शिंग कापण्यापेक्षा शिंग येऊच न देणारा वळू हा मला एकमेव शहाणा मार्ग वाटतो. तुम्ही केसाची तपासणी केलीत ते फार बरं केलंत.

---

हिशेबनीस

भाऊ, तुमचे आकडे वाचून रात्री वही घेऊन बसलो. मी ह्यूस्टनला असतो, गुरं नाहीत, पण शेतीकर्जांचे प्रस्ताव तपासणं हे माझं रोजचं काम. खालचे आकडे मी धरलेले आहेत. पटले नाहीत तर बदलून बघा.

एका कुरणावर १३५० पौंडांच्या १०० अँगस गायी पोसतात असं धरू. तिथे ९०० पौंडांच्या किती पोसतील? दीडशे नाही. लहान जनावराला पौंडामागे जास्त खाणं लागतं, भूक वजनाच्या पाऊण घाताने वाढते. त्या हिशेबाने १३५.

दोन्हीकडे शंभरी ८८ वासरं दुधावरून तुटतात असं धरू, म्हणजे काटकपणाचा फायदा मी मुद्दाम दिलेला नाही. मोठ्या गायींची ८८ वासरं, ५४० पौंडांची: ४७,५२० पौंड. लहान गायींची ११९ वासरं, ४३० पौंडांची: ५१,१७० पौंड. संकराच्या बाजूला ३,६५० पौंड जास्त.

हलक्या वासराला पौंडामागे भाव थोडा जास्त मिळतो, संकराला कापला जातो. दोन्ही एकमेकांत गेले असं समजून सगळ्यांना १.६० धरला तर ५,८४० डॉलर जास्त. पण ३५ गायी जास्त आहेत. लस, मीठ-खनिज, बिल्ले, एखादा जादा वळू, तुमचे कष्ट, डोईला वर्षाचे १०० डॉलर धरले तर ३,५०० गेले. राहिले २,३४०.

आता गायीची झीज. १२५० ची अँगस सात वेतांनी काढली, ६५ सेंटांनी ८७७ डॉलर परत आले, झीज वर्षाला ५३. शंभरांची ५,३००. तुमची कोरिएन्टे, ७०० धरू, दहा वेतांनी काढली, ५० सेंटांनी ४५० परत. झीज वर्षाला २५, एकशे पस्तिसांची ३,३७५. इथे १,९२५ वाचले.

एकूण ४,२६५ डॉलर. वीस एकराला एक मोठी गाय म्हणजे २,००० एकर. एकरी दोन डॉलर!

आणि हे दोन डॉलर किती नाजूक आहेत बघा. ४,२६५ ला ५१,१७० पौंडांनी भागा, आठ सेंट येतात. भावात खरी तूट आठ सेंटांवर गेली की हा सगळा खटाटोप अँगस गायींपेक्षा तोट्याचा. तुमची पहिल्या वर्षीची तूट शिंगाळांना पंचवीस होती, दुसऱ्या वर्षी काळ्यांना दहा. म्हणजे या १.६० च्या हिशेबाने स्वस्त गायीचा फायदा तुम्ही दोन्ही वेळा रिंगणात सोडून आलात.

एक मात्र. बाजारभाव २.५० धरला आणि बाकी काही हलवलं नाही, तर तीच मर्यादा आठवरून पावणेपंधरा सेंटांवर जाते, कारण जादा पौंडांना जादा किंमत येते. २०२५ च्या १ जानेवारीला देशात ८ कोटी ६७ लाख गुरं मोजली गेली, १९५१ नंतर सर्वांत कमी. गुरं कमी तोवर भाव तुमच्या बाजूने आहेत. गुरं वाढली की आठ सेंट आठवा.

---

कुरणवाला

हिशेबनीस, तुमची वही मला तीन वर्षांपूर्वी मिळायला हवी होती. मनापासून आभार.

एक दुरुस्ती सुचवतो. तुम्ही दोन्हीकडे ८८ धरलेत ते रास्त, पण माझ्या कुरणावर १०० अँगस गायी ८८ वासरं देणारच नाहीत. २०२२ च्या ऑगस्टात माझ्या गायी निवडुंगाची पानं खात होत्या, मेस्कीट या काटेरी झाडाच्या शेंगा वेचत होत्या आणि पाण्यापासून दीड-दोन मैल लांब चरून रात्री परत येत होत्या. बाहेरून गवताचा एक भारा आणला नाही, फक्त प्रथिनांच्या वड्या दिल्या. शेजारी अँगस होत्या, त्यांना जुलैपासून गवताच्या गाठी विकत घेऊन घातल्या आणि सप्टेंबरात निम्म्या विकाव्या लागल्या. वाचलेल्यांपैकीही पुष्कळ त्या हंगामात फळल्या नाहीत. दुष्काळाच्या वर्षी काय होतं त्यावर दहा वर्षांचा हिशेब ठरतो.

पण तूट आठ सेंटांच्या आत आणली पाहिजे हे डोक्यात पक्कं बसलं.

---

रेतीमाती

दादा, शेजाऱ्यांच्या बाबतीत एवढं म्हणेन की गाठी घालायला लागल्या तो दोष अँगसचा कमी, जास्त गायी ठेवल्याचा जास्त असू शकतो. बाकी चर्चा सुंदर.

---

गोठ्यातली ताई

लांब चरण्याबद्दल दादांनी लिहिलं ते इथे आमच्या शेजारी मोजलं गेलंय. लास क्रुसेसजवळ होर्नाडा म्हणून सरकारी संशोधन-कुरण आहे, वाळवंटच जवळजवळ. तिथे २००५ मध्ये मेक्सिकोच्या चिवावा राज्यातल्या कॉपर कॅन्यनमधून रारामुरी क्रिओयो गुरं आणली. गळ्यात उपग्रहाचे पट्टे बांधून त्यांचा माग काढला. ती गुरं पाण्यापासून लांब पांगतात, एकाच हिरव्या पट्ट्यावर मुक्काम ठोकत नाहीत. ज्या कोपऱ्यातलं गवत दुसऱ्या गाईंना असून नसल्यासारखं, ते यांच्या पोटात जातं. हिशेबनीस दादांनी एकर सारखे धरले, पण गायीगणिक वापरातले एकर वेगळे असतात.

---

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितोय. आमच्याकडे गाय कापायला विकणे हा विचारही घरात बोलला जात नाही, त्यामुळे धागा उघडताना मन कचरलं. तरी वाचत गेलो, कारण जनावराच्या काटकपणावर इतक्या जिव्हाळ्याने लिहिलेलं क्वचित वाचायला मिळतं. एक कुतूहल: अमेरिकेत जिला ब्राह्मण म्हणतात त्या गुरांत आमच्या कृष्णाकाठच्या जातीचं रक्त आहे असं ऐकलंय. खरं का?

---

दाणावैरण

खरं आहे काका. अमेरिकन ब्राह्मण ही कांकरेज, ओंगोल, गीर आणि कृष्णाकाठची, या चार जातींपासून इथे घडवली. त्यांची संघटना १९२४ ची, ह्यूस्टनची. आखाताच्या दमट पट्ट्यात ब्राह्मण आणि हेरफर्ड यांच्या संकराची गाय तिच्या अंगावरच्या पट्ट्यांमुळे लांबून ओळखू येते आणि गाय म्हणून तिला चढा भाव मिळतो.

याचा या धाग्याशीही संबंध आहे. २०१३ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या चमूने लाँगहॉर्न आणि तिच्या नात्यातल्या जातींचे जनुक तपासले. सुमारे ८५ टक्के वंश युरोपाच्या बिनवशिंडाच्या गुरांचा आणि जवळपास १५ टक्के वशिंडाच्या, म्हणजे मूळ आपल्याकडच्या गुरांचा निघाला. त्या चमूतले डेव्हिड हिलिस स्वतः लाँगहॉर्न पाळतात. भर उन्हात उभं राहून चरण्याची ताकद थोडी त्या पंधरा टक्क्यांतून आली असावी असं मला वाटतं.

---

कृष्णाकाठ

वाचून डोळे भरून आले. खूप आभार.

---

तिसरी पिढी

सगळे वासराबद्दल बोलताय. मला मधल्या कालवडीबद्दल बोलायचंय.

नेब्रास्कातल्या सरकारी संशोधन केंद्रांत ब्रिटिश जातींवर जे मोठे प्रयोग झाले त्यांचा निष्कर्ष असा: वासरू संकरित असेल तर वळूखाली सोडलेल्या गायीमागे दुधावरून तुटलेलं वजन साडेआठ टक्क्यांच्या आसपास वाढतं. आई सुद्धा संकरित असेल तर त्यावर आणखी पंधराएक टक्के, एकूण २३ च्या घरात. संकरातून येणाऱ्या जादा जोमाचा मोठा वाटा आईत आहे, वासरात नाही!

कुरणवाला दादा शुद्ध कोरिएन्टेवर अँगस सोडतात आणि सगळी वासरं विकतात. त्यांना फक्त पहिला, लहान वाटा मिळतो. अर्धी अँगस असलेली काळी बिनशिंगी कालवड ठेवा, ती हजार-अकराशे पौंडांची गाय होईल, आईचा काटकपणा अर्धा तरी घेईल, आणि तिच्यावर शारोले सोडला की वासराला रिंगणात कुणी आई विचारणार नाही. मी आणि माझे मिस्टर असंच करतो. डाग दुसऱ्या पिढीत पुष्कळ कमी झाले.

---

हिशेबनीस

ताई, मुद्दा जोरदार आहे. एक शंका: कालवड ठेवली म्हणजे आज ९०० डॉलरचं वासरू विकलं नाही, वर दोन वर्षं खाऊ घालायचं. कुरणवाल्यांची मूळ ताकद ६५० ला मिळणारी तयार गाय ही होती. ती मिळत असेल तोवर कालवड वाढवणं महाग.

---

तिसरी पिढी

मिळत असेल तोवर, बरोबर. आता मिळते का?

---

कुरणवाला

नाही मिळत. परवा त्याच माणसाकडे विचारलं, तशाच गायींना दुप्पट सांगितली. सगळ्यांनाच ही युक्ती कळली आहे.

---

जुनी शिंगं

इतके दिवस फक्त वाचत होते, आता राहवत नाही.

मी ओक्लाहोमात राहते, बारा शुद्ध लाँगहॉर्न पाळते. तुम्ही जो संकर करताय तो या देशाने एकदा केला आहे, आणि लाँगहॉर्न जवळजवळ संपवून केला आहे. यादवी युद्ध संपल्यावर टेक्सासात ही गुरं रानभर मोकळी होती. १८६७ पासून कॅन्ससमधल्या ॲबिलीनच्या रेल्वेपर्यंत त्यांचे कळप चालत गेले. ती स्वतः धडधाकट चालायची, पण अंगावरच्या गोचिडांनी वाटेवरची उत्तरेकडची गुरं तापाने मरायची. गोचीडच हा ताप पसरवतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये दाखवलं. तोवर १८७४ च्या पेटंटाची काटेरी तार आली होती, कुरणं बांधली गेली होती. बांधलेल्या कुरणात लोकांनी याच गायींवर हेरफर्ड आणि शॉर्टहॉर्न वळू सोडले. का? गाय स्वस्त, वासरू मांसल. प्रत्येक पिढीत बाप बाहेरचा, आई घरची. पन्नास वर्षांत शुद्ध गाय शोधावी लागली. १९२७ मध्ये अमेरिकी संसदेने तीन हजार डॉलर मंजूर केले आणि वनखात्याच्या दोन माणसांनी टेक्सास पालथं घालून वीसेक गायी गोळा केल्या. त्यांचा कळप आमच्या इथल्या विचिटा पर्वतांतल्या अभयारण्यात ठेवला, आजही आहे. १९६४ मध्ये पैदासकारांची संघटना झाली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मी संकराच्या विरोधात नाही. माझीच बांडी गाय मी एकदा अँगसला दाखवली होती. पण हिशेबनीस भाऊंच्या वहीत एक ओळ नाही. ती ६५० ची गाय कुणी तरी शुद्ध वळूखाली, कमी भावाची वासरं सोसून, जन्माला घातलेली असते. कोरिएन्टेच्या बाबतीत तो खर्च रोडिओवाले उचलतात, त्यांना दोर टाकायला शिंगाळ गोऱ्हे लागतात. लाँगहॉर्नच्या बाबतीत शिंगांचे शौकीन उचलतात. तुम्ही त्यांच्या उरलेल्या गायींवर धंदा करता. सगळ्यांनी सगळ्या गायी अँगसखाली घातल्या तर पाच-सात वर्षांत घ्यायला गायच उरणार नाही. भाव दुप्पट झाला तो त्याचाच पहिला इशारा.

---

दाणावैरण

ताई, पूर्ण सहमत. कळपातल्या पाव गायी तरी शुद्ध वळूखाली ठेवाव्यात असं मीही सांगतो. त्या पावांचे शुद्ध गोऱ्हे बाजाराच्या रिंगणात न नेता दोर टाकणाऱ्यांना थेट द्यावेत, तिथे शिंगांचे पैसे मिळतात. म्हणजे जिथे शिंग हा दोष आहे तिथे बिनशिंगी माल न्यायचा आणि जिथे शिंगच हवं आहे तिथे शिंगाळ.

---

पाऊसवेडी

थेट मांसविक्री करतात ना काही जण? तिथे डाग आणि शिंग कोण बघतं?

---

तिसरी पिढी

करतात. आम्ही वर्षाला चारेक जनावरं तशी देतो. तुकडे करून विकायचे तर सरकारी तपासनीस असलेला कत्तलखाना लागतो, आणि तिथे नंबर महिनोन्महिने लागत नाही. नाहीतर जिवंत जनावराचा अर्धा किंवा पाव हिस्सा आधीच गिऱ्हाइकाला विकायचा आणि त्याच्या वतीने कापून घ्यायचं. ते मांस पुढे विकता येत नाही. शुद्ध शिंगाळांचं मांस कोरडं, कमी चरबीचं असतं, त्याला आवडणारी माणसं आहेत. पण गिऱ्हाईक सांभाळणं हा गुरं सांभाळण्याइतकाच वेगळा धंदा आहे. बारा-पंधरा डोक्यांच्या वर आम्हाला जमलं नाही.

---

कुरणवाला

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. गेल्या वर्षीचं, २०२४ चं, मुद्दाम मागे ठेवलं होतं. तेही मांडतो, कारण आता त्याचा अर्थ लागतोय.

त्या वर्षी वासरं आईपासून तोडून थेट बाजारात नेली नाहीत. ४५ दिवस कुंपणाच्या अलीकडे ठेवली, पलीकडे आया. पहिल्या तीन रात्री दोन्हीकडून हंबरडा, घरात झोप नाही. चौथ्या दिवशी वासरं गव्हाणीवर आली. दोनदा लस दिली. दोन शेजाऱ्यांचीही अशीच संकरित वासरं होती. तिघांची मिळून काळी, बिनशिंगी, एका मापाची ४१ निवडली आणि एकत्र एका लॉटमध्ये घातली. बांडी सात वेगळी ठेवली, त्यांतली दोन घरच्या हिश्शांना दिली. एकेचाळिसांना त्या दिवशीच्या अँगसपेक्षा पाच सेंट कमी मिळाले. पंचवीस, दहा, पाच. ४५ दिवसांचा चारा-दाणा मात्र यातून वजा करावा लागेल, तो हिशेब हिशेबनीसांना पाठवतो.

यंदापासून बदल असा. अठरा गायींपैकी पाच वेगळ्या कुरणात, त्यांच्यावर कोरिएन्टेचाच वळू, शेजाऱ्याकडून दोन महिन्यांसाठी. बाकी तेरा अँगसखाली. अर्ध्या अँगसच्या दोन कालवडी ठेवतोय, तिसरी पिढी ताईंचं म्हणणं माझ्याच कुरणावर पडताळायला. त्यांतली एक कवडीची. कवडी म्हणजे माझ्या कळपातली सर्वांत म्हातारी, विकणाऱ्याने चौदा सांगितली होती, दात बघता जास्तच असावी. चार वर्षांत चार वासरं, यंदाचं मार्चमध्ये झालं. उजवं शिंग टोकाला झिजून बोथट झालंय, कुंपणाची तार उचलायला ती तेच वापरते.

---

हिशेबनीस

वजन दोन्ही वेळचं पाठवा, तोडतानाचं आणि विकतानाचं. ४५ दिवसांत किती पौंड चढले त्यावरच ठरेल की ते पाच सेंट विकत घेतले की कमावले.

---

कुरणवाला

तोडतानाचं लिहून ठेवलंय, विकतानाचं पट्टीवर आहे. उद्या संध्याकाळी इथेच टाकतो.